रक्ताची चिळकांडी उडाली तर काय करायचं, आणि हे शिकायला किती लढाया लागल्या

मी ट्रेकच्या ग्रुपना आणि सोसायट्यांमध्ये प्रथमोपचार शिकवते, आणि रक्तस्रावाचा विषय निघाला की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "पण मॅडम, पट्टा करकचून बांधला की पाय कापावा लागतो ना?" हा प्रश्न अजिबात खुळा नाहीये, ही भीती खरोखर घडलेल्या गोष्टींतून आलीये, पण त्या गोष्टी जिथे घडल्या त्या रणांगणावर जखमी माणूस सर्जनपर्यंत पोचायला दहा-बारा तास लागायचे आणि तुमच्या-माझ्या बाबतीत शहरात तरी बहुतेक वेळा तासाभरात हॉस्पिटल गाठता येतं. म्हणून इथे नुसतं "हे करा, ते करा" न लिहिता कुठली गोष्ट कुठल्या लढाईत शिकली गेली तेही सांगतेय, कारण माहीत असलं की ऐन वेळी हात थांबत नाही असा माझा अनुभव आहे.

आधी ओळखा, पण त्यात वेळ घालवू नका

धमनी फुटली असेल तर रक्त भडक लाल असतं आणि ठोक्याबरोबर उसळतं, नीला फुटली असेल तर गडद आणि सलग वाहतं, हे शाळेत शिकलोय आपण. पण रस्त्यावर, अंधारात, पँटीच्या आत ते दिसत नाही, त्यामुळे रंग बघत बसू नका. कपडा बघताबघता चिंब झाला, जमिनीवर थारोळं साचायला लागलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, यातलं एक जरी दिसलं तरी गंभीर समजायचं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि मांडीतली मुख्य धमनी पूर्ण तुटली तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. एकाला १०८ किंवा ११२ लावायला सांगा, नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगा, "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवा आणि हात कामाला लावा.

हात. सगळ्यात आधी हात.

कपडा फाडा किंवा कापा, जखम उघडी करा, रक्त नेमकं कुठून येतंय ते बघा आणि तिथेच दाबा. जखमेभोवती नाही, जखमेवर. तळहाताचा खालचा टणक भाग ठेवायचा, कोपर सरळ, आणि अंगाचा भार टाकायचा, कणीक तिंबताना आपण वरून जोर देतो ना तसा. रुमाल, टॉवेल, टी-शर्ट, जे हाताशी असेल ते मध्ये घ्या, स्वच्छ असेल तर उत्तम आणि नसेल तरी चालेल, इन्फेक्शनवर नंतर औषध आहे, गेलेल्या माणसावर नाही. आणि दोन-दोन मिनिटांनी उचलून "थांबलं का" बघायचं नाही, धरलेली गुठळी निघून येते आणि पहिल्यापासून सुरू. काच किंवा सळई आत रुतली असेल तर ती उपटायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं.

आपल्याकडे जखमेत हळद नाहीतर कॉफी पावडर भरायची सवय आहे. खरचटलं, बोट कापलं तर एक वेळ सोडा, पण उसळत्या रक्तापुढे ती पूड टिकत नाही, वाहून जाते, आणि पुढे सर्जनला ती कणाकणाने धुऊन काढावी लागते. रक्त थांबवायचे उपाय शोधणं काही आजचं नाही, सुश्रुतसंहितेत त्याचे चार प्रकार दिलेत, संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्यांनी जखम सांधायची, थंडाव्याने रक्त गोठवायचं, राखेने सुकवायचं, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर शेवटी डाग देऊन शिरेचं तोंड आकसवायचं. डाग देणं हे शेवटचं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण युरोपातल्या लढायांमध्ये कित्येक वर्षं तोच पहिला उपाय होता, तापलेलं लोखंड किंवा उकळतं तेल.

ते बदलायला आम्ब्रोआज पारे नावाचा एक फ्रेंच न्हावी-सर्जन कारणीभूत झाला. त्या काळी न्हावीच शस्त्रक्रिया करायचे. १५३७ साली तुरीनच्या मोहिमेत त्याच्याकडचं उकळतं तेल संपलं, मग त्याने अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मलम लावलं आणि रात्रभर काळजीने झोपला नाही, सकाळी बघतो तर मलमवाले शांत पडलेले आणि तेलवाले तापाने फणफणलेले. पुढे १५५२ मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात त्याने पाय कापल्यावर डाग न देता रक्तवाहिनीचं तोंड चिमट्याने ओढून दोऱ्याने बांधलं. बांधणं ही कल्पना त्याची नव्हती, जुन्या ग्रीक-रोमन वैद्यांनाही ती माहीत होती, पण रणांगणावर पाय कापताना ती रुळवायचं श्रेय त्याचंच.

अडचण एकच, बांधायचं तर आधी दिसलं पाहिजे, आणि वाहत्या रक्तात काही दिसत नाही. तेवढा वेळ रक्त अडवून धरायला काहीतरी हवं होतं. १६७४ साली बेझाँसोंच्या वेढ्यात एतिएन मोरेल या सैनिकी सर्जनने मांडीभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यात काठी घालून पीळ दिला. साधी गोष्ट, विहिरीवरची दोरी पिळतो तशी. १७१८ मध्ये झाँ-लुई पती याने त्याला स्क्रू लावला आणि त्याला टूर्निकेट हे नाव मिळालं, फ्रेंचमधल्या फिरवणे या शब्दावरून. आज माझ्या बॅगेत जे आहे त्यात नायलॉन आणि प्लास्टिक आहे, पण काठी तीच आणि पीळ तोच.

टूर्निकेट कधी, कुठे, कसं

हातापायातून रक्त उसळतंय आणि दाबून थांबत नाहीये, किंवा हात-पाय तुटलाच आहे, किंवा जखमी तीन आहेत आणि तुम्ही एकटे, तर टूर्निकेट. डोकं, मान, छाती, पोट इथे कधीच नाही.

जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, साधारण चार बोटं सोडून लावायचं. गुडघ्यावर किंवा कोपरावर लावायचं नाही, तिथे वाहिनी हाडांच्या आड लपते आणि दाबली जात नाही. जखम नेमकी कुठे ते कळत नसेल तर सरळ मांडीच्या किंवा दंडाच्या जितकं वर जाता येईल तितकं वर. खिशात मोबाइल किंवा किल्ल्या असतील तर त्या आधी काढा. पट्टा हाताने जितका ओढता येईल तितका ओढून घ्या, मग काठी फिरवा, आणि रक्त थांबेपर्यंत फिरवत राहा. माणूस ओरडेल, शिव्या देईल, हात झटकेल, कारण ते प्रचंड दुखतं, आणि दुखतंय म्हणजे चुकलंय असं अजिबात नाही. रक्त थांबलं की काठी अडकवून टाका. नाही थांबलं तर त्याला लागूनच दुसरं लावा.

इथे एक प्रसंग सांगते. ओळखीतल्या एका मुलाचा हात खिडकीच्या काचेतून आरपार गेला, मनगटाच्या वर कापलं, आणि मी पोचायच्या आत कुणीतरी मदत म्हणून बुटाची लेस कोपराखाली बांधली होती. रक्त थांबायच्या ऐवजी जास्तच येत होतं आणि बोटं जांभळी झाली होती. बारीक लेस, त्यात अर्धवट आवळलेली, म्हणजे परत जाणाऱ्या नीला बंद आणि रक्त आणणारी धमनी उघडी, नळ चालू आणि मोरी तुंबलेली. लेस कापली, त्याच्याच शर्टाची घडी करून दोन्ही हातांनी जखमेवर दाबलं आणि रिक्षात हॉस्पिटलपर्यंत तसंच धरून बसले. थांबलं. त्या जखमेला टूर्निकेट लागतच नव्हतं, आणि बांधायचंच होतं तर पूर्ण बांधायला हवं होतं. अर्धवट टूर्निकेट हे न बांधण्यापेक्षा वाईट.

तयार टूर्निकेट नसेल तर ओढणी, पंचा, उपरणं यांची किमान तीन बोटं रुंद घडी करा, एक अर्धी गाठ, त्यावर काठी, वर पूर्ण गाठ, मग पीळ, आणि काठीचं टोक दुसऱ्या कापडाने बांधून टाका. काठी म्हणून लाटणं चालतं, जाड लाकडी पळी चालते, पेन-पेन्सिल मोडते. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २०१३ साली स्फोट झाले तेव्हा लोकांनी हाताला येईल ते बांधून कित्येकांना वाचवायचा प्रयत्न केला, पण नुसता पट्टा किंवा नळी आवळून, पीळ द्यायला काठी नसताना, मांडीतली धमनी बंद होणं फार अवघड असतं. घरी गोधडी गुंडाळून तिच्यावर दोनदा सराव करा, एकदा उजेडात आणि एकदा डोळे मिटून. आणि विकत घेणार असाल तर स्वस्तातल्या नकला घेऊ नका, ऐन वेळी त्यांची काठी तुटते.

मग पाय जातो ही भीती आली कुठून

६ एप्रिल १८६२, अमेरिकेतलं यादवी युद्ध, शायलोची लढाई. दक्षिणेकडचा जनरल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन घोड्यावर होता, गोळी गुडघ्यामागे लागली आणि तिथली धमनी फाटली. त्याने स्वतःचा डॉक्टर थोडा वेळ आधी दुसऱ्या जखमींकडे पाठवला होता, त्यात शत्रूचेही सैनिक होते. जनरल घोड्यावर डुलायला लागला तेव्हा लोकांनी खाली घेतलं, जखम शोधत राहिले, बूट रक्ताने भरला होता. त्याच्या खिशात टूर्निकेट होतं. आजूबाजूच्या कुणी ते बांधलं नाही आणि तो गेला. मी वर्गात हे सांगितलं की एकदम शांतता होते.

म्हणजे टूर्निकेट होतं, पण पुढच्या दोन महायुद्धांत त्याचं नाव खराब झालं. पहिल्या महायुद्धात खंदकातून मागे येईपर्यंत तासन्‌तास जायचे, पांघरुणाखाली झाकलेला पट्टा विसरला जायचा, आणि सर्जनच्या टेबलावर येईपर्यंत पाय मेलेला असायचा. साधारण ६ तासांच्या पुढे बिनरक्ताचा स्नायू वाचणं कठीण होत जातं. डॉक्टर पट्ट्यावर चिडले ते त्यामुळे. मग शिकवण अशी झाली की टूर्निकेट म्हणजे शेवटचा उपाय, आणि हीच ओळ आपल्या जुन्या प्रथमोपचाराच्या पुस्तकांत आली. व्हिएतनाममध्ये त्याची किंमत दिसली, फक्त हातापायाच्या रक्तस्रावाने गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा अडीच हजारांच्या वर सांगितला जातो.

१९९६ साली फ्रँक बटलर या अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरने सहकाऱ्यांसोबत लढाईतल्या उपचारांचे नियम नव्याने मांडले आणि त्यात टूर्निकेट शेवटून उचलून पहिल्या जागी ठेवलं. इराक-अफगाणिस्तानात प्रत्येक सैनिकाकडे ते आलं. मग २००६ मध्ये जॉन क्राग या सर्जनने बगदादच्या हॉस्पिटलात येणाऱ्यांची नीट नोंद ठेवली. २३२ जखमी, ३०९ हात-पाय, ४२८ टूर्निकेट. नुसत्या टूर्निकेटमुळे कापावा लागलेला पाय एकही नाही. आणि त्याच कामातून दुसरी गोष्ट कळली, माणूस शॉकमध्ये, म्हणजे रक्त कमी पडून शरीर ढासळतं त्या अवस्थेत, जायच्या आधी बांधलं तर जगण्याचं प्रमाण ९० टक्के आणि शॉकमध्ये गेल्यावर बांधलं तर १० टक्के. पुढच्या वेळी कुणी "शेवटचा उपाय" म्हणालं तर हे दोन आकडे सांगा त्याला.

म्हणून बांधलं की घड्याळ बघा आणि वेळ लिहा. कपाळावर लिहा, पट्ट्यावर लिहा, मार्करने, लिपस्टिकने, कशानेही, आणि पट्टा झाकू नका. २ तासांपर्यंत धोका फार कमी. जुन्या पुस्तकांत "दर पंधरा मिनिटांनी सैल करा" असं असायचं, ते करू नका, दर वेळी थोडं थोडं रक्त जातं आणि माणूस हळूहळू रिकामा होतो. सह्याद्रीत लांब दरीत अडकलात आणि उतरायलाच चार-पाच तास लागणार असतील तर मात्र प्रश्न खरा आहे, युक्रेनमध्ये ड्रोनमुळे जखमींना मागे आणायला उशीर होतो तिथे हाच प्रश्न पुन्हा आलाय. अशा वेळी शिकलेला माणूस सोबत असेल तर तो २ तासांच्या आत जखम नीट भरून, घट्ट बांधून, पट्टा सावकाश सैल करून बघू शकतो, तोही जखमी शुद्धीत आणि स्थिर असेल तरच. शिकलेलं कुणी नसेल तर हात लावू नका. जीव आधी, पाय नंतर.

आणि जाताजाता, साप चावल्यावर यातलं काहीही बांधायचं नाही. तिथे रक्त थांबवायचं नसतंच, बांधल्याने फक्त पायाचं नुकसान होतं, हात-पाय न हलवता थेट हॉस्पिटल.

जिथे पट्टा बसत नाही तिथे

जांघ, काख, मानेची बाजू. १९९३ साली सोमालियातल्या मोगादिशूमध्ये एका तरुण अमेरिकन सैनिकाची जांघेजवळची धमनी अशी वर फाटली की टूर्निकेटला जागाच नव्हती, सोबतचा मेडिक, म्हणजे तुकडीतला उपचार करणारा सैनिक, तासन्‌तास झगडला आणि मुलगा वाचला नाही. या जागांसाठी जखम भरणं हा उपाय आहे. एक बोट जखमेत घाला, हो, आत घाला, आणि कोमट धार बोटाच्या टोकाला कुठे लागते ते शोधा. सापडली की बोट तिथेच दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने गॉजची किंवा कापडाची पट्टी बोटाच्या कडेने आत सारत राहा, उशीत कापूस ठासतो तशी, कोपरे आधी, पूर्ण भरेपर्यंत. मग वरून दोन्ही हातांनी दाबा आणि मदत येईपर्यंत दाबूनच ठेवा. छातीत आणि पोटात हे करायचं नाही.

रक्त गोठवणारा खास गॉज मिळतो, त्यात केओलिन असतं, म्हणजे पांढरी चिनी माती, तिच्या स्पर्शाने रक्त लवकर गोठतं. त्याच्या आधी इराक युद्धाच्या सुरुवातीला झिओलाइटची पूड वापरायचे, ती रक्तात इतकी तापायची की भाजायचं. २००८ पासून केओलिनचा गॉज आला. तो असेल तर ३ मिनिटं तरी घट्ट दाबायचंच, गॉज म्हणजे जादू नाही.

रक्त थांबलं की माणसाला आडवं ठेवा आणि पांघरूण घाला, उन्हाळा असला तरी. अंग गार पडलं की रक्त गोठायची क्षमता घटते. पाणी, चहा काही पाजू नका, ऑपरेशन व्हायचंय.

हॉस्पिटलात काय सांगायचं, आणि आत काय चालतं

चार गोष्टी सांगा, कितीला लागलं, कितीला बांधलं, अंदाजे किती रक्त गेलं, आणि पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो का. वेळेवर मी इतका जोर का देतेय ते आता सांगते.

१८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो यांना लिऑनमध्ये भोसकलं, यकृताकडे जाणारी मोठी वाहिनी कापली गेली आणि ती शिवायची कशी हे कुणालाच माहीत नव्हतं. आलेक्सी कारेल तेव्हा तिथे डॉक्टरकी शिकणारा तरुण, त्याच्या मनाला ते लागलं. तो भरतकाम करणाऱ्या बाईकडे जाऊन बारीक सुईने शिवायला शिकला. त्याची युक्ती अशी, गोल वाहिनीला तीन ठिकाणी टाके घालून ओढायचं, गोलाचा त्रिकोण होतो, मग सरळ कडेवर शिवत जायचं, म्हणजे समोरची भिंत चुकून टाक्यात येत नाही. १९०२ मध्ये त्याने हे छापलं आणि १९१२ मध्ये नोबेल मिळालं.

आणि तरीही दुसऱ्या महायुद्धात धमन्या बांधूनच टाकत होते. डीबेकी आणि सिमियोन या अमेरिकन सर्जननी १९४६ मध्ये २४७१ धमनी-जखमांचा हिशोब मांडला, त्यात शिवायचा प्रयत्न झाला तो फक्त ८१ वेळा, आणि धमनी बांधलेल्या जखमींपैकी जवळपास निम्म्यांचा हात किंवा पाय कापावा लागला. गुडघ्यामागची धमनी असेल तर शंभरातले सत्तरच्या वर. सर्जन अडाणी नव्हते हो, जखमी दहा-बारा तासांनी यायचा, शिवून जोडण्यासारखं काही उरायचंच नाही.

कोरियाच्या युद्धात घड्याळ बदललं. हेलिकॉप्टरच्या बाहेर दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून जखमी थेट तंबूतल्या हॉस्पिटलात यायला लागले. फ्रँक स्पेन्सर नावाचा तरुण सर्जन, वरून नियम धमनी बांधायचाच, पण त्याने १९५२ मध्ये जोडायला सुरुवात केली. तिकडे ह्यूज, हॉवर्ड, यान्के या सर्जननीही. ह्यूजने पुढे मांडलेल्या ३०४ धमन्यांपैकी २६९ दुरुस्त केल्या होत्या आणि अंग कापायचं प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. निम्म्यावरून तेरा टक्के! त्याच युद्धात आपल्या सैन्याची '६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स' नावाची वैद्यकीय तुकडीही होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली, मार्च १९५१ मध्ये त्यांच्यातले काही जण पॅराशूटने उतरून जखमींवर उपचार करत होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहितीये.

व्हिएतनाममध्ये अमेरिकन सर्जन नॉर्मन रिच यांनी प्रत्येक धमनी-जखमेची नोंदवही ठेवली, १९७० मध्ये १००० धमनी-जखमांचा अहवाल आला, प्रमाण तेच, तेराच्या आसपास, आणि गोळ्या मात्र कोरियापेक्षा कितीतरी घातक. आज तुमच्या माणसाचं ऑपरेशन करताना सर्जन बहुधा दुसऱ्या, धड पायातली एक वरवरची नीला काढतील, उलटी फिरवतील, कारण तिच्यातल्या झडपा रक्त एकाच दिशेने जाऊ देतात, आणि फाटलेल्या धमनीच्या जागी ती शिवतील. त्यामुळे "लागलं डाव्या पायाला आणि उजव्याला का कापलं" म्हणून घाबरू नका.

अजून एक गोष्ट नातेवाइकांना बघवत नाही. बऱ्याच वेळ रक्त नसलेल्या पायात रक्त परत आलं की स्नायू सुजतात, आणि पोटरीभोवतीचं घट्ट आवरण ताणत नाही, मग आतला दाब जोडलेली धमनी चालू असतानाही स्नायू मारतो. म्हणून पोटरीच्या दोन्ही बाजूंना लांब चिरा देऊन त्या काही दिवस उघड्याच ठेवतात. जखम चिघळली म्हणून नाही, पाय वाचावा म्हणून. ड्रेसिंगच्या वेळी लाल मांस दिसेल, तेव्हा हादरून न जाता डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, पावलावर नाडी लागतेय का, बोटं हलतायत का, आणि चिरा कधी बंद करणार.